ब्रुसेल्सचा नियम आणि भासऱ्याची बांधी

"तुम्ही राइस मिलमध्ये नेमकं काय करायच्या?" असं कोणी विचारलं की मी सांगते, "तांदूळ नापास करायची." लोक हसतात, त्यांना वाटतं बाई थट्टा करतेय. थट्टा कसली! भंडाऱ्याजवळ शहापूरच्या बाजूला हायवेवर आमची मिल होती आणि तिचा तांदूळ युरोपात जायचा. तिथल्या निर्यात विभागात मी केस पांढरे होईस्तोवर नोकरी केली. गावोगाव जायचं, पोत्यात परखी खुपसायची, म्हणजे टोकदार पन्हळीसारखी लोखंडी नळी, तिच्यात आलेले दाणे पिशवीत भरायचे आणि प्रयोगशाळेत धाडायचे. अहवाल आला की ज्याचं पास त्याच्या घरचा चहा प्यायचा आणि ज्याचं नापास त्याच्या शिव्या खायच्या. गावात मला 'सॅम्पलवाली मॅडम' म्हणत. माझं खरं नाव निम्म्या लोकांना आजही ठाऊक नाही, आणि त्यावाचून कोणाचं काही अडलंही नाही.

दिवाळी अंकासाठी लिहा असं सांगणं आलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. मग वाटलं, ज्या युरोपचे नियम मी जन्मभर पाळले आणि दुसऱ्यांना पाळायला लावले, तो युरोप मी कधी पाहिलेला नाही. माझ्याकडे पासपोर्टसुद्धा नाही. पण तिकडे ब्रुसेल्स नावाच्या शहरात एका कागदावर सही झाली की इकडे माझी झोप उडायची. हे कसं, ते सांगायला हरकत नाही.

युरोपात देश पुष्कळ. प्रत्येकाचं सरकार वेगळं, भाषा वेगळी, कुरकुर वेगळी. पण त्यांतल्या बऱ्याच जणांनी एकत्र येऊन महासंघ केलाय आणि काही गोष्टी सगळ्यांसाठी एकदाच ठरवायच्या असं मान्य केलंय. धान्यात फवारणीच्या औषधाचा अंश किती चालेल, ही त्यातली एक गोष्ट. आपल्याकडे धानावर करपा पडतो, पानं भाजल्यासारखी होतात, लोंबी पोचट राहते. त्यावर मारायचं जे औषध गावागावात चालायचं, त्याची मर्यादा त्यांनी एके वर्षी इतकी खाली आणली की जवळजवळ नाहीच म्हणा ना. खोलीभर पोत्यांत चिमूटभर निघालं तरी नापास. आणि गंमत अशी, की नियम ब्रुसेल्सचा, पण तपासणार ज्या देशाच्या बंदरात माल उतरेल तिथली माणसं. त्याआधी आपल्या दिल्लीचे कागद, त्याआधी मिल, त्याआधी शेतकऱ्यांचा गट आणि सगळ्यांच्या खाली एकेक घर. वरून नियम एकेक पायरी उतरत येतो आणि शेवटी कोणाच्या तरी हातातल्या फवारणीच्या पंपाशी येऊन थांबतो.

हे सगळं मी सिहोऱ्याजवळच्या एका गावात महिला गटाच्या बैठकीत समजावून सांगत होते, तेव्हा गटाच्या अध्यक्ष कौशल्याबाईंनी विचारलं, "मंजे मॅडम, घरचा कारभारी त्याईचा सोताचा, पण काई काई गोष्टीत वरचं आयका लागते?"

"हाव, तसंच."

"मंग त्यात नवं काय हाय? आमाले त जलमभर वरचंच आयका लागते." सगळ्या बाया खो खो हसल्या. त्या दिवसापासून कौशल्याबाई मला आवडली.

आमच्या शेठना मात्र हे कधीच पचलं नाही. एकदा आमचा एक कंटेनर तिकडच्या बंदरात नाकारला. शेठ म्हणाले, "त्यात काय! दुसऱ्या देशात उतरवू. भंडाऱ्यात काम नाई झालं त आपण गोंदियात जात नाई का?" मी म्हटलं, शेठ, तिथे तसं नसतं. ऐकतील तर शेठ कसले! एजंटला फोन लावला. एजंट म्हणाला, दुसऱ्या बंदराला आधीच खबर आहे. एका देशानं माल नाकारला की ती खबर बाकी सगळ्यांकडे लगोलग जाते, तशी सोयच आहे त्यांची. शेठ फोन ठेवून म्हणाले, "एवढे देश, अन् एकमेकांत एवढी चुगली?" पुढे इंग्लंड त्या महासंघातून बाहेर पडलं तेव्हा शेठनी पेढे मागवले. त्यांना वाटलं, एक कटकट गेली. झालं उलटंच. आता इंग्लंडचे कागद वेगळे आणि बाकीच्यांचे वेगळे, वाटणी झालेल्या घरात दोन चुली पेटाव्यात तसे. पेढे मी खाल्ले, कागदही मीच केले.

आणि कोरोनाच्या वेळी तर कमालच झाली. बेल्जियममध्ये आमचा तांदूळ घेणाऱ्या एक बाई होत्या. आमचं बोलणं मोडक्या इंग्रजीत, माझं जास्त मोडकं. त्यांचा फोन आला, रडवेल्या झाल्या होत्या. तांदळाचा ट्रक शेजारच्या देशाच्या सीमेवर अडकला होता. "मी लहानपणापासून त्या रस्त्यानं जाते. तिथे सीमा आहे हे बोर्ड वाचल्याशिवाय कळतसुद्धा नाही. आणि आता पोलीस उभे आहेत!" मी त्यांना सांगितलं, बाई, आमच्याकडेही रस्त्यावर बांबू आडवे टाकलेत. त्यांनी विचारलं, कोणत्या देशाची सीमा बंद झाली? मी म्हटलं, जिल्ह्याची. सिहोऱ्याकडून मध्यप्रदेश किती दूर? कौशल्याबाईचं माहेर तिकडे बालाघाटच्या बाजूला, तिची आई आजारी, आणि तिला जाता येईना. तिकडे युरोपातही आधी माल सुटला, माणसं मागून सुटली. इथेही तसंच झालं.

आता मुख्य गोष्ट सांगते. तिच्यासाठीच खरं तर लिहायला बसले.

कौशल्याबाईचा नवरा जाऊन काही वर्षं झाली होती. मुलगी लग्न होऊन गेलेली. शेती ती एकटी बघायची. चिन्नोर हा आपल्या भागातला वासाचा तांदूळ. तिच्या गटातल्या बाया तो लावत आणि आमची मिल घेऊन युरोपात पाठवी. करप्याचं ते औषध मारायचं नाही, ही अट. कौशल्याबाईनं एकेका घरी जाऊन बायांना पटवलं, त्यांच्या नवऱ्यांशी भांडली, एकीच्या सासऱ्याचा तर पंपच उचलून समाजमंदिरात आणून ठेवला. पहिल्या वर्षी माल पास झाला. दुसऱ्या वर्षी नापास.

शेठ भडकले. आणखी एक हंगाम देतो म्हणाले. पुन्हा नापास झालं तर हे गाव कायमचं बंद. तसं झालं असतं तर बायांना चिन्नोर सोडून पुन्हा साधं धान लावावं लागलं असतं, आणि 'कौशल्याच्या नादी लागून आम्ही फसलो' हे तिला उरलेलं आयुष्य ऐकावं लागलं असतं. ती म्हणाली, "कोणाच्या घरचं हाय थे शोधा मॅडम. मी सोता जाऊन विचारतो तिले."

मी प्रत्येक घराचा वेगळा नमुना घेतला. अहवाल आले. सगळी घरं स्वच्छ, एकच नापास, आणि ते खुद्द कौशल्याबाईचं.

तो कागद घेऊन मी सिहोऱ्याची एसटी पकडली. समाजमंदिरात बाया जमल्या. मी सांगितलं. मग गिरजाबाई म्हणून एक फटकळ बाई होती, ती उठली. "वा व कौशल्या! आमाले बंदी, अन् सोता चोरून मारतं?"

कौशल्याबाईचा चेहरा पांढराफटक पडला. "मी नाई मारली गिरजा. मी कायले मारू? माह्या घरी पंप बी नाई."

"मंग का आभायातून पडली?"

ती रडली नाही, भांडलीही नाही. पदर खोचला आणि मला म्हणाली, "चला मॅडम, बांधी पाहा माही." गिरजाबाई आणि आणखी दोघी-तिघी मागे मागे आल्या.

धानाच्या शेताला आमच्याकडे बांधी म्हणतात. तलावाखाली एकाखाली एक अशा बांध्या उतरत जातात. तलावाचं पाणी सगळ्यात वरच्या बांधीत येतं, ती भरली की धुरा, म्हणजे मधला बांध, फोडून ठेवलेल्या तोंडातून खालच्या बांधीत, तिथून तिच्या खालच्या. तेव्हा कापणी झालेली, सगळीकडे नुसती धसकटं. पण धुऱ्यातलं ते तोंड उघडंच होतं. वाळलेला चिखल आणि पाण्याच्या वाटेवरचा गाळ स्पष्ट दिसत होता. मी विचारलं, "ही वरची बांधी कोणाची?"

कौशल्याबाईनं पटकन डोक्यावर पदर घेतला. आजूबाजूला एकही पुरुष नव्हता. "आमच्या भासऱ्याची."

भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. नाव देवाजी. मी विचारलं, "ते फवारतात?"

"फवारतेत. पयल्या साली करपाच नव्हता. करपा आला का सगळेच फवारतेत."

"आणि तेच पाणी तुमच्या बांधीत येतं." मला एकदम राग आला. "अहो, अख्ख्या गावाला सांगत फिरलात, दुसऱ्यांच्या सासऱ्यांचे पंप उचलून आणलेत, आणि बाजूच्या धुऱ्यावर तुम्हाला सांगता आलं नाही?"

ती माझ्याकडे अशी बघत राहिली, की मॅडमला साधं एवढंही कळत नाही. "भासऱ्याशी बोलतेत का कोणी?"

मागून गिरजाबाईसुद्धा म्हणाली, "खरंच जी. भासऱ्याशी कशी बोलन थे?"

भांडण काही नव्हतं हो. रीतच तशी. भावसुनेनं भासऱ्यासमोर यायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही. निरोप जायचे नवऱ्याकडून, नाहीतर जावेकडून. नवरा गेला, जाऊही गेली. देवाजीचा मुलगा नागपूरला. आता या दोन घरांमध्ये निरोप न्यायला कोणी उरलंच नव्हतं. पण देवाजी दरवर्षी तिच्या बांधीत पाणी न मागता सोडायचा. तिच्या अंगणात तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, भारा आणून टाकायचा. तीही भाजी झाली की वाटी झाकून दोन अंगणांमधल्या भिंतीवर ठेवायची. वाटी धुऊन परत यायची. असं वर्षानुवर्षं चाललं होतं, एका शब्दावाचून.

मला आधी हसू आलं, मग हसू थांबलं. ब्रुसेल्सहून निघालेला नियम समुद्र ओलांडून, दिल्ली, मुंबई, भंडारा करत बिनबोभाट सिहोऱ्यापर्यंत आला आणि गुडघाभर उंचीच्या धुऱ्यावर अडकला. बेल्जियमच्या बाईंना मी फोनवर हे सांगितलं. त्यांना भासरा समजावता समजावता माझी पुरेवाट झाली. पण समजल्यावर त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आमच्या ब्रुसेल्सच्या बैठकांतही दोन डझन भाषा असतात. मध्ये दुभाषे बसवावे लागतात, त्याशिवाय एक पान पुढे सरकत नाही. तुम्ही बसा मध्ये."

पुढचा हंगाम आला. पोळा होऊन गेला, धान पोटरीवर यायला लागलं, आणि करप्याची फवारणी याच दिवसांत होते म्हणून मी गेले. देवाजीभाऊ बांधीच्या कडेला पंपाचं नोझल साफ करत बसले होते. उंच, हडकुळा माणूस, बोलणं कमी. मी सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले आणि हातातलं काम थांबलं.

"माह्या पाण्यानं तिचं धान नापास झालं?"

"हो."

"मंग मले कोणी काहून नाई सांगतलं?"

"कोण सांगणार होतं, देवाजीभाऊ?"

ते उठले, फावडं घेतलं आणि धुऱ्याचं ते तोंड चार फावडी माती टाकून बंद करून टाकलं. "घ्या मॅडम. आता माह्या बांधीचा थेंब बी जात नाई. तिचं धान चोखं."

माणूस वाईट नव्हता. त्याला सुचलं ते सरळ त्यानं केलं. पण पावसानं ताण दिला होता आणि कौशल्याबाईच्या बांधीला पाण्याची दुसरी वाटच नव्हती. पोटरीवरचं धान तहानलं तर दाणा कुठून भरणार? पाणी सोडलं तर नापास, बंद केलं तर पोचट. आणि फवारू नका म्हणावं, तर देवाजीभाऊंच्या पानांवर करप्याचे ठिपके मला उघड्या डोळ्यांनी दिसत होते. मी सॅम्पलवाली बाई. दाणे पिशवीत भरणं मला येतं, हे कुठे येतं? मी तिथे मठ्ठासारखी उभी राहिले.

कौशल्याबाई खालच्या बांधीत निंदण करत होती. तिनं सगळं पाहिलं होतं. मी खाली उतरून सांगितलं, "त्यांनी तोंड बंद केलं." ती आपल्या धानाकडे बघत राहिली. मी म्हटलं, "थांबा, मी पुन्हा जाऊन बोलते."

"राहू द्या मॅडम," ती म्हणाली.

ती धुऱ्यावर चढली. पदर नाकापर्यंत ओढलेला. तोंड देवाजीकडे नाही, तलावाकडे. त्यांना काय म्हणून हाक मारावी, तेही तिला ठाऊक नसावं, कारण हाक मारायची वेळच कधी आली नव्हती. पण ती मोठ्यानं बोलली.

"पाणी बंद नोका करू जी. दवाई बंद करा."

देवाजीभाऊंच्या हातातलं फावडं तसंच राहिलं. ही नवरी होऊन त्या घरी आली, तेव्हापासून तिनं त्यांच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तिले सांगा, दवाई नाई मारली त माहं धान करपून जाईन."

कौशल्याबाई त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर. मी तिच्याकडे वळून म्हटलं, "ते म्हणतात की..."

"आयकलं मी. त्याईले सांगा, जेवढं जाईन तेवढं माह्या धानातून भरून देतो."

मी देवाजीभाऊंकडे वळले. "ती म्हणते..."

"तिले सांगा, मले तिचं धान नोको." त्यांचा आवाज चढला, मग बसला. "तिले सांगा, माहा भाऊ राह्यता त त्यानं मले असं भरून देतो म्हटलं असतं का?"

हे मात्र मला सांगावं लागलं नाही. कौशल्याबाई पदर तोंडात धरून रडायला लागली. नवरा गेल्यावर त्याचं नाव काढून तिच्याशी बोलणारं त्या घरात कोणी नव्हतंच ना. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. देवाजीभाऊंनी आमच्या दोघींकडे पाठ केली, आत्ताच टाकलेली माती फावड्यानं ओढून काढली आणि पाणी खाली वाहायला लागलं. मग पंप उचलून, न वापरता, घरी घेऊन गेले.

करपा लागलाच. देवाजीभाऊंच्या बांधीचा एक कोपरा लालसर, जळल्यासारखा झाला होता, रस्त्यावरून जाताना दिसायचा. कापणीला गटाच्या बाया न बोलावता त्यांच्या बांधीत विळे घेऊन उतरल्या, सगळ्यांत पुढे गिरजाबाई. बाई फटकळ, पण मनात ठेवणारी नव्हे. तरी गेलेलं धान ते गेलंच. आमच्या कोणत्याही कागदावर त्या कोपऱ्यासाठी जागा नव्हती. नियम करणाऱ्यांचा हेतू चांगला, खाणाऱ्याच्या पोटात औषध जाऊ नये एवढाच. पण त्याची झळ कोणाला बसली हे त्या खाणाऱ्याला कधी कळायचं नाही, याची मला आजही हळहळ वाटते.

अहवाल आला तो मी फोनवर सांगितला नाही, स्वतः घेऊन गेले. नापासाचे कागद इतके वाहिले होते, पासचा एक तरी मिरवावा म्हटलं. कौशल्याबाईच्या अंगणात बाया जमल्या. मी सांगितलं, सगळी घरं पास, ही बांधीसुद्धा पास. एकच गलका! गिरजाबाईनं तर कौशल्याबाईला उचललंच. "काय माय, हात मोडशील माहा!" असं कौशल्याबाई ओरडत होती.

भिंतीपलीकडे आपल्या अंगणात देवाजीभाऊ उभे होते. गलका ऐकून आले असावेत. आत यावं की नाही हे त्यांना कळत नव्हतं, आणि त्यांना सांगायचं कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. मी सवयीनं त्यांच्याकडे निघाले. माझ्याआधी कौशल्याबाई गेली. डोक्यावर पदर होता, पण तोंड या वेळी त्यांच्याकडेच होतं.

"पास झालं जी."

देवाजीभाऊंनी मान हलवली. मग ते म्हणाले, "पुढच्या साली माही बी बांधी घे तुह्या गटात. चिन्नोर लावतो."

"दवाई नाई मारता येत मंग."

"मालूम हाय. अन् करपा लागला त?"

"लागला त दोघाईचा लागन," ती म्हणाली.

मी तिथेच उभी होते, मध्ये, अहवाल हातात घेऊन. दोघांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.